पॅन्क्रियाजच्या गाठीत सुई घालायची का? ईयूएसबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबा ६३ वर्षांचे, तीन आठवडे कावीळ, अंगाला खाज, वजन ७ किलो उतरलंय, सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी २.६ सेंटिमीटरची गाठ. एक डॉक्टर म्हणतात ईयूएस करून तुकडा घेऊ, दुसरे म्हणतात तुकडा वगैरे नको सरळ ऑपरेशन, आणि घरात काका म्हणतायत की सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. सोनोग्राफी तर आधीच झालीये, मग परत आतून कशाला, हा आणखी एक उपप्रश्न.

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, गेली अठरा-एकोणीस वर्षं ईयूएस करतोय, म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी. तर आधीच सांगून टाकतो, तुमच्याकडच्या तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, काकांचंसुद्धा, फक्त त्यांचं चिमूटभर. आणि कोणाचं ऐकायचं हे ठरवायला दोन्ही डॉक्टरांना एकच गोष्ट विचारा: तुकड्याचा रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही तेच करणार आहात का? उत्तर हो असेल तर तुकडा कशासाठी काढायचा, आणि नाही असेल तर काढल्याशिवाय पुढं जायचं नाही. बाकी सगळं मी खाली लिहितोय ते याच एका गोष्टीचं स्पष्टीकरण आहे असं समजा.

आधी सोनोग्राफीचं. स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रियाज, हे जठराच्या मागं, पाठीच्या कण्यासमोर आडवं पडलेलं असतं, त्याचं डोकं उजवीकडं ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, वळणात बसलेलं आणि शेपूट डावीकडं प्लीहेपर्यंत गेलेलं. आता पोटावरून प्रोब फिरवला की मध्ये काय काय येतं बघा, चामडी, चरबी, आणि मग जठर नि आतडी, त्यात गॅस. अल्ट्रासाऊंडच्या लहरी हवेतून पलीकडं जात नाहीत, तिथंच अडतात, म्हणून तर पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पॅन्क्रियाज गॅसमुळे नीट दिसलं नाही’ हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा दिसतं. तो सोनोग्राफीवाल्याचा आळस नसतो, खरंच दिसत नाही. १९८० च्या सुमाराला जर्मनीत आणि अमेरिकेत काही लोकांनी या अडचणीवर तोडगा म्हणून सोनोग्राफीचा प्रोबच दुर्बिणीच्या टोकाला बसवला. रस्त्यावरून वाड्यात डोकावत बसण्यापेक्षा सरळ माजघरात जाऊन बघायचं, एवढीच कल्पना. जठराच्या भिंतीला टोक टेकवलं की पॅन्क्रियाज काही मिलिमीटरवर येतं, अंतर कमी म्हणून जास्त फ्रीक्वेन्सी वापरता येते (पोटावरून साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झ, आतून ५ ते १२), आणि फ्रीक्वेन्सी जास्त म्हणजे चित्र बारीक. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिनियर स्कोप आले, ज्यात सुई आणि चित्र एकाच पातळीत राहतं, आणि १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पीटर व्हिलमन यांनी पॅन्क्रियाजमध्ये अशी सुई घालून पेशी काढल्याचं प्रसिद्ध केलं. तिथून हे सगळं बदललं, कारण नुसतं बघणं आणि हाताला तुकडा लागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता आत काय दिसतं ते सांगतो, कारण पेशंटचे नातेवाईक नेहमी विचारतात आणि आम्ही घाईत नीट सांगत नाही. निरोगी पॅन्क्रियाज पडद्यावर मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं, करड्या रंगात पांढरे ठिपके, मधून एक बारीक नळी, डोक्यात साधारण ३ मिलिमीटर, पुढं शेपटाकडं १ पर्यंत निमुळती होत जाणारी. नेहमीचा कॅन्सर, ज्याला अॅडेनोकार्सिनोमा म्हणतात आणि पॅन्क्रियाजच्या कॅन्सरमध्ये दहापैकी नऊ वेळा हाच असतो, तो या भुरभुरीत एक काळपट, कडा कुरतडलेला डाग म्हणून दिसतो, आणि त्याच्या मागची नळी तुंबून फुगलेली असते. डोक्यात गाठ असेल तर पित्तनळी आणि पॅन्क्रियाजची नळी दोन्ही फुगतात, तुमच्या बाबांच्या सीटीत बहुतेक हेच लिहिलेलं असणार. मी तपासणी करताना आधी गाठीकडं जातच नाही. जठराच्या वरच्या टोकाला महाधमनी शोधायची, तिला धरून खाली सरकायचं, तिच्यातून फुटणाऱ्या दोन मोठ्या शाखा बघायच्या, मग पॅन्क्रियाजचा मधला भाग, शेपूट, डावी किडनी, प्लीहा, यकृताचा डावा भाग, पोटात कुठं चमचाभर पाणी साठलंय का, लिम्फच्या गाठी आहेत का, आणि सगळ्यात शेवटी ड्युओडेनममध्ये उतरून डोकं. शिकाऊ पोरं थेट गाठीवर झडप घालतात आणि यकृतातला छोटा डाग राहून जातो. आणि तो छोटा डाग सापडला ना, तर सगळं गणितच बदलतं, मग सुई गाठीत नाही, त्या डागातच घालायची, एकाच टोचणीत निदानही झालं आणि पसरलाय हेही सिद्ध झालं.

एक गंमत सांगतो (तेव्हा गंमत वाटली नव्हती). पॅन्क्रियाज गर्भात दोन वेगळ्या कोंबांतून तयार होतं, आणि डोक्याचा मागचा भाग, जो पुढच्या कोंबातून येतो, तो कित्येक नॉर्मल माणसांमध्येसुद्धा बाकीच्यापेक्षा काळपट दिसतो. सुरुवातीच्या वर्षात मी एका बाईंच्या पॅन्क्रियाजच्या डोक्यात गाठ आहे म्हणून जवळजवळ लिहून बसलो होतो, माझे सर मागं उभे होते, त्यांनी फक्त विचारलं, नळी सरळ जातेय ना रे त्यातून? जात होती. गाठ नव्हती. म्हणून सांगतो, मशीन कोणत्या कंपनीचं हे विचारण्यापेक्षा स्कोप धरणाऱ्यानं असे किती केलेत ते विचारलेलं बरं.

सीटी झालाय तर ईयूएसचा उपयोग काय? सीटी आणि ईयूएस एकमेकांचे स्पर्धक नाहीत. लांबच्या गोष्टी, म्हणजे पूर्ण यकृत, फुप्फुस, पोटाचं अस्तर, आणि रक्तवाहिन्यांचा सर्जनला लागतो तसा नकाशा, हे सीटीचं काम, आणि तोही साधा सीटी नाही, पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा हवा, ज्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं फोटो उठावदार करणारं औषध, दिल्यावर साधारण ४०-४५ सेकंदांनी एकदा आणि ७० च्या आसपास परत असे फोटो घेतात. तुमचा सीटी तसा झालाय का ते बघा, गावाकडं पोटदुखीसाठी काढलेला साधा सीटी या कामाला पुरत नाही आणि तो परत काढावा लागला तर चिडू नका. ईयूएसची खरी कमाई छोट्या गाठीत, २ सेंटिमीटरच्या आतल्या. काही गाठी कॉन्ट्रास्ट घेऊनही आजूबाजूच्या पॅन्क्रियाजसारख्याच दिसतात, सीटीवाल्याला फक्त नळ्या फुगलेल्या दिसतात आणि त्या कुठंतरी एकदम तुटल्यासारख्या संपतात, गाठ मात्र दिसत नाही. अशा वेळी ईयूएस करायचंच. आणि उलटंही आहे, अनुभवी माणसानं नीट बघितलं, पॅन्क्रियाज बाकी स्वच्छ आहे आणि गाठ दिसली नाही, तर खरोखरच नसण्याची शक्यता खूप जास्त. खूप जास्त म्हणतोय, शंभर टक्के नाही, कारण जुनाट सूज असलेलं पॅन्क्रियाज, नुकताच पॅन्क्रियाटायटिसचा, म्हणजे पॅन्क्रियाजच्या सुजेचा, झटका येऊन गेलेला पेशंट, किंवा गाठ न होता सगळीकडं झिरपत गेलेला कॅन्सर, या तिन्ही ठिकाणी आम्ही फसतो.

आता मुख्य मुद्दा, सुई.

समजा सीटीत गाठ अगदी ठरावीक दिसतेय, कुठं पसरलेली नाही, मोठ्या रक्तवाहिन्यांपासून सुटी आहे, पेशंट ऑपरेशन झेपण्यासारखा आहे. मग तुकडा न काढता थेट ऑपरेशन हे बरोबर आहे, जगभरच्या गाइडलाइन्स हेच म्हणतात, तुमचे दुसरे डॉक्टर हेच म्हणत असणार. कारण तुकडा निगेटिव्ह आला तरी सर्जन म्हणणार की मला नाही पटत, गाठ काढूया. मग कशाला टोचायचं. पण समजा गाठ पोर्टल व्हेनला, म्हणजे यकृताकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेला, किंवा आतड्याच्या मोठ्या धमनीला चिकटलीये, म्हणजे ज्याला बॉर्डरलाइन म्हणतात, तर हल्ली आधी केमो देऊन मग ऑपरेशन करतात, आणि केमो कधीही कागदावर पॅथॉलॉजीचा पुरावा असल्याशिवाय सुरू करायची नसते, कोणीही कितीही खात्रीनं सांगो. किंवा पसरलाय, ऑपरेशन नाहीच, तरी केमोसाठी तुकडा लागणारच. आणि तिसरं, चित्रच ठरावीक नाही, कॅन्सर सोडून दुसरं काही असू शकतं असं वाटतंय. या तिन्हीत तुमचे पहिले डॉक्टर बरोबर. निदान होतं तेव्हा थेट ऑपरेशन करण्यासारखे पेशंट शंभरात जेमतेम १५ ते २० असतात, त्यामुळे सुईची वेळ बऱ्याच जणांवर येतेच. तुमच्या बाबांची फिल्म मी बघितलेली नाही म्हणून ते कोणत्या खान्यात बसतात ते मी सांगणार नाही, पण २.६ सेंटिमीटर हा आकडा त्यासाठी पुरेसा नाही, रक्तवाहिनीशी नातं काय आहे ते विचारा, किती अंशांत टेकलीये असा शब्द रिपोर्टमध्ये असतो तो बघा.

काकांच्या मुद्द्याकडं येतो. ‘चाकू लागला की कॅन्सर भडकतो’ हे आपल्याकडं घराघरात ऐकायला मिळतं, आणि त्याचं मूळ कुठं आहे ते मला कळतं, कारण पूर्वी पोट उघडायचे तेव्हाच कॅन्सर पसरलेला असायचा, पेशंट महिनाभरात जायचा आणि दोष चाकूवर यायचा. पोटावरून बाहेरून सुई घालून बायॉप्सी केली तर सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची भीती जास्त असते, म्हणून ऑपरेशन होण्यासारख्या पेशंटमध्ये आम्ही ती टाळतो. ईयूएसमध्ये डोक्यातल्या गाठीला सुई ड्युओडेनमच्या भिंतीतून जाते, आणि व्हिपल ऑपरेशनमध्ये, म्हणजे पॅन्क्रियाजचं डोकं काढायच्या ऑपरेशनमध्ये, ते ड्युओडेनम गाठीबरोबरच काढून टाकतात, म्हणजे सुईची वाटसुद्धा बादलीत जाते. शरीर-शेपटाच्या गाठीला मात्र सुई जठराच्या भिंतीतून जाते आणि ती भिंत मागं राहते, तिथं नंतर गाठ उगवल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, जपानमधून बऱ्याच, पण त्या एकंदरीत फार थोड्या आहेत. काकांचं चिमूटभर बरोबर म्हणालो ते एवढंच. शेपटातली, ऑपरेशन होण्यासारखी, ठरावीक दिसणारी गाठ असेल तर मी स्वतः टोचायला नको म्हणतो. तुमच्या बाबांची डोक्यात आहे.

सुई कशी असते म्हणाल तर साधारण २२ गेजची, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत. पूर्वी नुसत्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरायचो, एफएनए, आता सुईच्या टोकाला मुकुटासारखे तीन दात किंवा काट्यासारखं टोक असलेल्या सुया आल्यात, एफएनबी, त्यात पेशींचा लगदा न येता अखंड तुकडा येतो. पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी चमकत गाठीत शिरताना दिसते, मध्ये रक्तवाहिनी नाही ना हे डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीनं, बघून घेतलेलं असतं, मग एकाच जागी न टोचता गाठीत पंख्यासारखी दिशा बदलत बदलत आठ-दहा वेळा पुढं-मागं करायची. मोठ्या गाठीचा मधला भाग कित्येकदा मेलेला असतो, तिथून काढलं तर नुसता चिखल येतो, कडेनं काढायचं. सुई बाहेर काढली की फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडताना मी दिव्याखाली धरून बघतो, लाल लाल दोरे म्हणजे रक्ताची गुठळी, त्याचा उपयोग नाही, आणि त्यात शेवयाच्या तुकड्यासारखं पांढरट पिवळसर काहीतरी तरंगलं की जीव भांड्यात पडतो. दोन-तीन वेळा टोचून असं मिळालं की थांबायचं. आमची सिस्टर, तिनं इतकी वर्षं बाटल्या भरल्यात की माझ्या आधी तीच म्हणते, सर आलंय, बास.

अखंड तुकड्याचा आणखी एक फायदा म्हणजे त्यावर पुढच्या टेस्ट करता येतात, जनुकांच्या वगैरे, बीआरसीए जनुकातल्या बिघाडासारखं काही निघालं तर केमोचं औषध बदलतं आणि घरातल्या बाकीच्यांनाही तपासणीचा सल्ला देता येतो. म्हणून पॅथॉलॉजीवाल्याला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, जपून ठेवायला सांगा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट, निगेटिव्ह रिपोर्ट. लोक पेढे वाटतात हो. सुईच्या तपासणीत कॅन्सर आहे असं आलं तर ते जवळपास नेहमीच खरं असतं, पण नाही असं आलं तर ते तितकं पक्कं नसतं, चांगल्या हातातसुद्धा शंभरातल्या दहाएक कॅन्सरमध्ये पहिल्या वेळी तुकड्यात काही सापडत नाही, कारण या कॅन्सरमध्ये गाठीचा मोठा भाग नुसता चिवट धाग्यांचा असतो, कॅन्सरच्या पेशी त्यात बेटांसारख्या विखुरलेल्या, सुई बेटाच्या शेजारून गेली की रिपोर्ट साफ. जुनाट पॅन्क्रियाटायटिस सोबत असेल तर ही चूक आणखी वाढते. म्हणून ‘निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’ याचा अर्थ ‘या तुकड्यात नाही’ एवढाच घ्यायचा. एक गृहस्थ आठवतात, पन्नाशी ओलांडलेले, अचानक शुगर निघालेली, वजन उतरत चाललेलं, दुसरीकडं सुई झाली होती, रिपोर्ट निगेटिव्ह, ते चार महिने निवांत आणि इतकं समजावणारं कोणी भेटलं नाही. माझ्याकडं आले तेव्हा गाठीनं धमनीला विळखा घातला होता. पन्नाशीनंतर नव्यानं शुगर आणि सोबत वजन कमी, हे एकत्र दिसलं की माझे कान टवकारतात. तर गाठ दिसतेय, संशय आहे, आणि रिपोर्ट निगेटिव्ह किंवा ‘एटिपिकल’, म्हणजे पेशी वेगळ्या पण नक्की काही नाही असा, आलाय, तर परत सुई करायची, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, दुसऱ्या वेळी बऱ्याचदा निदान होतं.

पण दरवेळी कॅन्सरच निघतो असंही नाही, आणि सुईचं खरं समाधान इथं आहे. एक २९ वर्षांची बाई आली होती, दोन लहान मुलं, तिला आधीच्या ठिकाणी सीटी बघून पॅन्क्रियाजचा कॅन्सर सांगून टाकलं होतं, नवरा जमीन विकायच्या तयारीनं आलेला. ईयूएसमध्ये गाठ पॅन्क्रियाजच्या आत नव्हतीच, डोक्याला चिकटलेल्या लिम्फच्या गाठींचा पुंजका होता, आतून मऊ झालेला. तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसतात तसे सुजेच्या पेशींचे पुंजके, निघाले, टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली, औषधांवर गाठ विरघळली. आपल्या देशात पॅन्क्रियाजशेजारच्या गाठीचं निदान करताना टीबी लक्षात ठेवलाच पाहिजे, म्हणून मी थोडा नमुना नेहमी सलाइनमध्ये टीबीसाठी वेगळा काढतो, फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर होत नाही. दुसरा बहुरूपी म्हणजे ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस, शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीनं आलेली सूज, हुबेहूब कॅन्सरसारखी कावीळ, पॅन्क्रियाज सॉसेजसारखं सुजलेलं, रक्तात आयजीजी-४ नावाचं प्रथिन बऱ्याचदा वाढलेलं, आणि स्टेरॉइडनं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. याला व्हिपल झालेले पेशंट जगभर आहेत, उगाच झालेले.

आणि तिसरी न्यूरोएंडोक्राइन गाठ, म्हणजे हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची. स्टीव्ह जॉब्सची हीच होती, त्यानं २००५ च्या स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलंय की दुर्बीण घशातून घालून पॅन्क्रियाजमध्ये सुई घातली आणि पेशी बघून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो ऑपरेशननं बरा होण्यासारखा दुर्मिळ प्रकार निघाला. म्हणजे आपण बोलतोय तीच तपासणी. आपल्याकडं मनोहर पर्रीकर गेले, मार्च २०१९, तेव्हापासून पॅन्क्रियाज हा शब्द मराठी घरात सगळ्यांना माहीत झाला आणि सोबत अशी समजूतही झाली की या अवयवात गाठ म्हणजे संपलंच. गाठींच्या जाती वेगळ्या आहेत आणि चालही वेगळी. इन्सुलिन बनवणारी एक छोटी न्यूरोएंडोक्राइन गाठ असते, बहुतेक वेळा २ सेंटिमीटरच्या आत आणि बहुतेक वेळा साधी, पेशंट पहाटे घामाघूम होऊन बडबडतो, घरचे साखर भरवतात की शुद्धीवर, कित्येक जण फिट्सच्या गोळ्या खात वर्षानुवर्षं फिरतात, आणि सीटीत न दिसलेली ती गाठ ईयूएसमध्ये वाटाण्यासारखी गोल, स्वच्छ कडेची दिसते. ती सापडल्याचा आनंद काही औरच.

पाण्याच्या गाठी, सिस्ट, हा वेगळा विषय आहे, त्यात जाणार नाही, एवढंच की त्यातलं पाणी काढून सीईए नावाचं प्रथिन आणि साखर बघतात, आणि सगळ्या सिस्ट काढायच्या नसतात.

सीए १९-९ या रक्ताच्या टेस्टबद्दलही लोक विचारतात. कावीळ असताना तो नुसत्या तुंबलेल्या पित्तामुळेसुद्धा वाढतो, आणि काही लोकांच्या शरीरात तो बनतच नाही, कॅन्सर असला तरी. एकट्या त्या आकड्यावर रडू नका, हसूही नका.

आता क्रम, आणि हा भाग कृपा करून आज रात्रीच वाचा. कावीळ दिसली की घाईघाईनं ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतून पित्तनळीत शिरून, स्टेंट (तुंबलेली नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. स्टेंट टाकला की पित्तनळीत हवा शिरते, स्टेंटची सावली पडते, आजूबाजूला सूज येते, ईआरसीपीनंतर पॅन्क्रियाटायटिस झाला तर विचारूच नका, आणि मग सीटी नि ईयूएस दोन्हीत गाठ रक्तवाहिनीला टेकलीये की नुसती सूज आहे हे सांगता येत नाही. म्हणून आधी चांगला सीटी, मग लागलं तर ईयूएस आणि सुई, मग लागलाच तर स्टेंट, तोही जमलं तर त्याच भुलीत. आणि स्टेंट प्रत्येकाला लागतोच असं नाही. नेदरलँड्समधला २०१० चा एक अभ्यास आहे, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, साधारण १४-१५ च्या आत असलेल्यांमध्ये थेट लवकर ऑपरेशन विरुद्ध आधी स्टेंट मग ऑपरेशन असं बघितलं, गंभीर त्रास थेट ऑपरेशनवाल्यांत ३९ टक्के आणि स्टेंटवाल्यांत ७४ टक्के निघाला. ताप-थंडी येतेय, म्हणजे पित्तात इन्फेक्शन, किंवा बिलिरुबिन फार चढलंय, किंवा आधी केमो द्यायचीये, तर स्टेंट हवाच, तिथं वाद नाही. बाबांचं बिलिरुबिन किती आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते बघा. आणि हो, तीन आठवडे कावीळ म्हणालात, त्यात काविळीची माळ, झाडपाला, नाकात थेंब असं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा, कोणी रागावणार नाही, म्हणजे मी तरी रागावत नाही, पण दुखत नसलेली कावीळ, अंगाला खाज आणि पांढरट संडास हे माळेनं उतरणारं प्रकरण नसतं आणि यात गेलेला आठवडा परत येत नाही.

तयारी तशी फार नाही. सहा ते आठ तास उपाशी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, क्लोपिडोग्रेल सुई घालायची असेल तर ५ ते ७ दिवस आधी बंद करावी लागते, पण ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हार्टवाल्या डॉक्टरांना विचारून, नुसती अॅस्पिरिन सहसा चालू ठेवतो. कावीळ जुनी असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो, आयएनआर (रक्त गोठायची टेस्ट) बघतो आणि व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं देतो. पूर्वी जठराचं ऑपरेशन किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही सांगा, कारण रस्ता बदललेला असतो आणि ड्युओडेनमपर्यंत पोचताच येत नाही, हे टेबलावर कळलं की दोघांचीही सकाळ वाया. झोपेचं इंजेक्शन किंवा भूलतज्ज्ञ असतात, डाव्या कुशीवर झोपवतात, अर्धा-पाऊण तास लागतो, पेशंटला नंतर बहुतेक काही आठवत नाही. हा स्कोप नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा जाड असतो, १२ ते १४ मिलिमीटर, म्हणून घसा एक-दोन दिवस दुखतो. बाकी त्रास, पॅन्क्रियाजला सूज येणं, रक्तस्राव, इन्फेक्शन, मिळून शंभरात एखाद-दुसऱ्याला, आणि आतड्याला भोक पडणं त्याहून कितीतरी कमी.

एक गोष्ट दरवेळी होते. पेशंट आत झोपलेला असतो आणि मुलगा बाहेर माझा हात धरून म्हणतो, डॉक्टर, बाबांना कॅन्सर हा शब्द सांगू नका. मी खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही. एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर होते, भुलीतून उठता उठता त्यांनी मलाच विचारलं, घाट आहे की सरळ रस्ता तेवढं सांगा. मी म्हणलं घाट आहे. म्हणाले बरं, मग गिअर टाकून जाऊ. मुलगा दारातच उभा होता, त्यानंच तोंड फिरवलं. तुमच्या बाबांना किती माहीत आहे ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, खाज सुटलेल्या माणसाला रात्री झोप नसते आणि तो सगळं ऐकत असतो.

सुई झालीच तर त्या दिवशी संध्याकाळी हलकं जेवण चालतं, बहुतेक ठिकाणी काही तास ठेवून घरी सोडतात, रिपोर्टला साधारण चार-पाच दिवस धरा, खास रंग लावायला लागले तर आठवडा. घरी गेल्यावर पोटात वरच्या भागात पाठीत जाणारं जोरात दुखायला लागलं, ताप आला, काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका, रात्री कितीही वाजले असले तरी जिथं तपासणी केली तिथंच इमर्जन्सीत जा, आणि सुई कुठून घातली होती तो कागद सोबत न्या.